भुलीचे पंधरा दिवस

दिल्लीच्या द्वारका भागात, सेक्टर आठमध्ये, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे कार्यालय आहे. देशातल्या भावी डॉक्टरांनी कोणत्या विभागात किती काळ काढायचा, याचे कोष्टक तेथे ठरते. आयोगाने २०२१ मध्ये आंतरवासितेचे, म्हणजे रोजच्या भाषेतल्या इंटर्नशिपचे, नवे नियम काढले. त्या कोष्टकात सामाजिक वैद्यकाला बारा आठवडे आहेत, शस्त्रक्रियेला सहा, आणि ‘भूलशास्त्र व अतिदक्षता’ या ओळीपुढे दोन. मौलाना आझादचा विद्यार्थी लोकनायक रुग्णालयात, यूसीएमएसचा जीटीबीमध्ये, फरिदाबादच्या ईएसआयसी महाविद्यालयातला आपल्याच रुग्णालयात हेच दोन आठवडे काढतो. पुढे तो त्वचारोगतज्ज्ञ होवो की तालुक्याच्या गावी दवाखाना थाटो, श्वास थांबलेल्या माणसाच्या तोंडावर मास्क घट्ट बसवून त्याला श्वास देण्याची विद्या त्याला बहुधा याच चौदा दिवसांत हाताशी लागते, किंवा लागत नाही.

त्याच आयोगाच्या पदवी अभ्यासक्रमात भूलशास्त्राच्या प्रकरणातील अगदी पहिली अपेक्षा अशी आहे की, ही आधुनिक शाखा कशी उत्क्रांत झाली हे विद्यार्थ्याला सांगता यावे. परीक्षेच्या दृष्टीने फारसे कोणी न वाचणारे ते कलम आहे. मात्र या दोन आठवड्यांचे मूळ त्यातच सापडते.

विल्यम मॉर्टन यांनी बोस्टनमध्ये इथरचे जाहीर प्रात्यक्षिक केले ते १६ ऑक्टोबर १८४६ रोजी. जहाजांच्या वेगाने बातम्या पोहोचण्याच्या त्या काळात कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात इथरचा वापर झाला तो १८४७ च्या मार्चमध्ये, म्हणजे जेमतेम पाच महिन्यांनी. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या जेम्स सिम्सन यांनी क्लोरोफॉर्म पुढे आणला आणि पुढच्या जानेवारीत तोही कलकत्त्यास पोहोचला. क्लोरोफॉर्मचा मोठा गुण म्हणजे सोय. यंत्र नको, नळ्या नकोत. रुमालावर थेंब टाकून नाकाशी धरले की काम झाले. या सोयीतूनच पुढचा घोटाळा उद्भवला. जे काम रुमालाने होते त्यासाठी स्वतंत्र जाणकार कशाला हवा, असे शस्त्रवैद्यांना वाटू लागले आणि शस्त्रक्रियागृहातील सर्वांत कनिष्ठ माणसाच्या हाती बाटली आली. तो कधी विद्यार्थी असे, कधी कंपाउंडर.

धोका मात्र पहिल्या काही आठवड्यांतच दिसला होता. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. लंडनचे जॉन स्नो (पुढे कॉलऱ्याच्या नकाशामुळे ज्यांचे नाव अजरामर झाले तेच) यांनी यावरून असा निष्कर्ष काढला की, हवेत बाष्पाचे प्रमाण किती आहे हे मोजल्याशिवाय क्लोरोफॉर्म देणे अविचाराचे आहे. त्यांनी त्यासाठी उपकरणे बनवली आणि भूल देणे हेच आपले मुख्य काम मानले. एडिंबरोचे शस्त्रवैद्य जेम्स साइम यांचे मत उलट होते. त्यांच्या पद्धतीत नाडीकडे पाहायचेच नाही; श्वासावर लक्ष ठेवले की पुरे, आणि एवढे लक्ष कोणताही शहाणा विद्यार्थी ठेवू शकतो. हिंदुस्थानात येणारे अनेक लष्करी डॉक्टर स्कॉटलंडमध्ये शिकलेले असत. त्यांच्याबरोबर साइमांचा हा धडाही आला.

त्या धड्याचे सर्वांत कडवे पुरस्कर्ते हैदराबादेत निघाले. साइम यांचे शिष्य एडवर्ड लॉरी निजामाच्या सेवेत होते आणि तेथील वैद्यकीय शाळेचे प्रमुख होते. तेव्हाच्या निजामी राज्यात मराठवाड्याचे जिल्हेही मोडत. लॉरी आपल्या विद्यार्थ्यांकडूनच क्लोरोफॉर्म देववीत. क्लोरोफॉर्म हृदयावर थेट घाला घालत नाही, श्वास सांभाळला तर मृत्यू अशक्य आहे, हे त्यांचे मत होते, आणि ते सिद्ध करण्यासाठी सहावे निजाम महबूब अली खान यांच्या पैशाने १८८८ मध्ये एक आयोग बसला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ नियतकालिकाला त्याचे निष्कर्ष पटले नाहीत. तेव्हा निजामाच्याच खर्चाने १८८९ मध्ये दुसरा आयोग भरला आणि ‘लॅन्सेट’चे प्रतिनिधी म्हणून टॉमस लॉडर ब्रंटन हैदराबादेस आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष लॉरींच्या बाजूचा निघाला आणि ब्रंटन यांनीही आपले आधीचे मत बदलले.

भूलशास्त्राच्या जगात हिंदुस्थानातल्या एका वैद्यकीय शाळेचे नाव तोवर एवढे गाजले नव्हते. याच शाळेच्या पहिल्या विद्यार्थिनींमध्ये रूपाबाई फर्दुनजी होत्या. त्यांनी पुढे भूल देणे हेच आपले कार्यक्षेत्र केले. जगातल्या अगदी आरंभीच्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. लॉरींच्या शिकवणीची ही जमेची बाजू म्हटली पाहिजे. विद्यार्थ्यांना त्यांनी नुसते बघ्यांत उभे केले नाही, हातात काम दिले, आणि श्वास न्याहाळण्याची शिस्त लावली. ती शिस्त आजही खरी आहे.

सिद्धान्त मात्र चुकीचा होता. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना हृदयाची लय अचानक विस्कटून ते थांबू शकते. म्हणजे श्वास उत्तम चालू असतानाही रोगी जाऊ शकत होता. लॉरींच्या विद्यार्थ्याला नाडी पाहण्याची मुळी परवानगीच नव्हती. प्रशिक्षण नुसते हातांना दिले आणि त्यामागचे शरीरशास्त्र अर्धवट राहिले, तर काय होते याचा याहून चांगला नमुना वैद्यकाच्या इतिहासात शोधूनही मिळणे कठीण.

शास्त्र म्हणून भुलीला प्रतिष्ठा मिळाली ती विसाव्या शतकात. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात राल्फ वॉटर्स यांनी १९२७ पासून डॉक्टरांना या विषयाचे पद्धतशीर निवासी प्रशिक्षण देण्यास सुरुवात केली. इंग्लंडमध्ये १९३५ मध्ये भूलशास्त्राच्या पदविकेची पहिली परीक्षा झाली. ऑक्सफर्डमध्ये मोटारकारखानदार लॉर्ड नफील्ड यांनी वैद्यकाच्या अध्यासनांसाठी भलीमोठी देणगी देऊ केली, तेव्हा त्यांत भूलशास्त्राचेही अध्यासन असलेच पाहिजे असा हट्ट धरला. विद्यापीठातल्या विद्वानांना ती कल्पना हास्यास्पद वाटली होती. पण पैसा नफील्ड यांचा होता. १९३७ मध्ये रॉबर्ट मॅकिंटॉश तेथे प्राध्यापक झाले.

भारतात या विषयाच्या डॉक्टरांची संघटना स्थापन झाली ती स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये. तिचे नियतकालिक १९५३ मध्ये निघाले. दिल्लीत तेव्हा वैद्यकीय शिक्षण म्हणजे १९१६ मध्ये सुरू झालेले स्त्रियांचे लेडी हार्डिंग महाविद्यालय एवढेच. १९५६ च्या कायद्याने एम्सची स्थापना झाली आणि १९५८ मध्ये मौलाना आझाद महाविद्यालय सुरू झाले. एम्सच्या कायद्यात वैद्यकीय शिक्षणाचे आदर्श नमुने घडवणे आणि देशाला पदव्युत्तर शिक्षणात स्वयंपूर्ण करणे ही उद्दिष्टे स्पष्ट लिहिलेली आहेत. पदव्युत्तर पातळीवर भूलशास्त्राचे ते झालेही. हृदयशस्त्रक्रिया, मेंदूच्या शस्त्रक्रिया, ३ ऑगस्ट १९९४ रोजी एम्समध्ये झालेले देशातले पहिले यशस्वी हृदयारोपण, यांतले काहीही पूर्णवेळ भूलतज्ज्ञांच्या पथकावाचून शक्य नव्हते. वृत्तपत्रांत नाव शस्त्रवैद्याचे आले, ही गोष्ट निराळी.

पदवीच्या पातळीवर मात्र हा विषय शस्त्रक्रियेच्या घरातला पोटभाडेकरूच राहिला. एमबीबीएसला त्याची स्वतंत्र परीक्षा नाही. शस्त्रक्रियेच्या प्रश्नपत्रिकेत अस्थिरोग आणि क्ष-किरणशास्त्राच्या शेजारी तो बसतो. भारतीय वैद्यक परिषदेने १९९७ मध्ये जे पदवी शिक्षणाचे नियम केले, त्यांत आंतरवासितेच्या कोष्टकातील नोंद ‘शस्त्रक्रिया, भूलशास्त्राच्या १५ दिवसांसह’ अशी होती.

त्या पंधरा दिवसांत विद्यार्थ्याने काय शिकावे, याची यादी त्याच नियमांत आहे आणि ती मुळातून पाहण्यासारखी आहे. शस्त्रक्रियेआधीची तपासणी करणे. शिरेत सुई घालून सलाइन लावणे. स्वरयंत्र पाहून श्वासनलिकेत नळी घालणे. कमरेतून पाठीच्या कण्यात भूल देणे. साधे मज्जातंतू बधिर करणे. देखरेखीखाली साधी संपूर्ण भूल देणे. भुलीतील आणि नंतरच्या काळातील रुग्णावर लक्ष ठेवणे. तातडीच्या भुलीतील अडचणी ओळखून त्या निस्तरणे. हृदय बंद पडल्याचे ओळखून पुनरुज्जीवन करणे. पदव्युत्तर विद्यार्थी ज्यासाठी तीन वर्षे घासतो त्याचा हा जवळजवळ संपूर्ण गाभा आहे. ज्याने ही यादी केली त्याला विषयाचे महत्त्व पुरते ठाऊक होते. ज्याने दिवस मोजून दिले त्याला कदाचित कोष्टकात जागा सापडली नाही.

यादीतले एखादे साधे वाटणारे काम घेतले तरी दिवसांचे हे गणित कुठे चुकते ते कळते. नळी घालण्यापूर्वी रुग्णाला काही मिनिटे शुद्ध प्राणवायू हुंगवतात. सामान्य श्वास सोडल्यावरही प्रौढाच्या फुप्फुसांत सुमारे अडीच लिटर हवा शिल्लक असते. साध्या हवेत प्राणवायू एक पंचमांश, फुप्फुसांत पोहोचेपर्यंत त्याहूनही कमी. म्हणजे हाताशी साठा जेमतेम काहीशे मिलिलिटर. शरीर मिनिटाला सुमारे अडीचशे मिलिलिटर खर्च करते. श्वास थांबला की मिनिट-दोन मिनिटांत रक्तातला प्राणवायू घसरू लागतो. तीच फुप्फुसे शुद्ध प्राणवायूने भरलेली असली तर निरोगी माणसाला सात-आठ मिनिटे मिळतात. गर्भवतीचे गणित पुन्हा वेगळे असते. गर्भाशयाच्या दाबाने फुप्फुसातला साठा कमी, आईचा आणि बाळाचा मिळून खर्च अधिक. तिची मिनिटे झपाट्याने संपतात. त्यामुळेच सिझेरियनला जमेल तिथे कमरेतून भूल देतात. हे पुस्तकात अर्ध्या तासात वाचून होते. पण जबडा किती उचलला म्हणजे जीभ मागून हटते, मास्कच्या कडेतून हवा निसटते आहे हे बोटांना कसे कळते, कमरेच्या भुलीनंतर रक्तदाब कोसळू लागला की पहिल्या मिनिटात काय करायचे, यासाठी एकामागून एक रुग्णांवर, कोणीतरी शेजारी उभे असताना, हात बसावा लागतो.

या तफावतीची किंमत दिल्लीच्या शस्त्रक्रियागृहांत दिसली नाही, कारण तेथे तज्ज्ञ होते. ती दिसली तालुक्याच्या रुग्णालयांत. २००१ ते २००३ या काळात देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता दगावत होत्या. अडलेल्या बाळंतिणीला जेथे पाठवायचे त्या प्रथम संदर्भ केंद्रात इमारत असे, कधी स्त्रीरोगतज्ज्ञही असे. भूल देणारे कोणी नसे, आणि सिझेरियन तेथेच अडे. अमेरिकेत प्रशिक्षित परिचारिका भूल देतात. भारतात ते काम डॉक्टरांपुरतेच राखलेले होते, आणि तज्ज्ञ डॉक्टर शहरांत होते.

तोडगा दिल्लीतच निघाला. केंद्र सरकारने एम्सच्या साहाय्याने सरकारी सेवेतल्या साध्या एमबीबीएस डॉक्टरांसाठी एक अभ्यासक्रम आखला: तातडीच्या प्रसूतिसेवेसाठी जीवरक्षक भूलकौशल्ये. कालावधी अठरा आठवडे. त्यातला मोठा भाग वैद्यकीय महाविद्यालयात, उरलेला जिल्हा रुग्णालयात. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाल्यावर तो राज्याराज्यांत पोहोचला. भूलतज्ज्ञांमधून आक्षेप आले. अठरा आठवड्यांत कोणी भूलतज्ज्ञ होत नाही, हा त्यांचा मुद्दा रास्तच होता. पण समोरचा पर्याय पूर्ण प्रशिक्षित तज्ज्ञ हा नव्हताच. तेथे कोणीच नव्हते. अहमदाबादच्या आयआयएममध्ये सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करणारे दिलीप मावळणकर आणि त्यांच्या सहकारी वीणा श्रीराम यांनी २००९ मध्ये दक्षिण आशियातल्या अशा प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा प्रशिक्षणाइतकीच त्यानंतरची नेमणूक, साधने आणि पाठबळ ही अडचण म्हणून पुढे आली. शिकून आलेला डॉक्टर अशा केंद्रात नेमला जाई की जेथे शस्त्रक्रिया करणारेच नसत. किंवा जेथे ते असत तेथे त्याला एकट्याने बाटली हाती घेण्याचे धाडस होत नसे. न वापरलेले कौशल्य काही महिन्यांत गंजते.

मातामृत्यूचे प्रमाण २०१८–२० मध्ये ९७ वर आले. त्यात रुग्णालयातील बाळंतपणे, रुग्णवाहिका, रक्तपुरवठा, रस्ते, शिकलेल्या मुली अशा कितीतरी गोष्टींचा वाटा आहे. भूलप्रशिक्षणाचा नेमका किती, हे वेगळे काढणे अवघड. एक आकडेमोड मात्र सरळ आहे. १९९७ च्या यादीतली जी कामे आंतरवासी पंधरा दिवसांत शिकेल असे नियमांनी गृहीत धरले होते, त्यांतल्या काही थोड्या कामांसाठी त्याच सरकारला, त्याच पदवीच्या डॉक्टरला, एकशे सव्वीस दिवस द्यावे लागले.

दुसरी परीक्षा २०२१ च्या वसंतात आली. दिल्लीत एप्रिलमध्ये प्राणवायूसाठी रुग्णालये धावाधाव करत होती. अतिदक्षता कक्षांत कृत्रिम श्वासयंत्रे सांभाळणाऱ्यांत भूलतज्ज्ञ आघाडीवर होते, कारण दुसऱ्याचा श्वास तासन्‌तास चालवणे हेच त्यांचे रोजचे काम. ३ मे रोजी केंद्र सरकारने पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा किमान चार महिने पुढे ढकलली आणि आंतरवासी डॉक्टरांना देखरेखीखाली कोविड कामावर घेण्यास मुभा दिली. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे दूरध्वनीवरील सल्ला आणि सौम्य रुग्णांवर लक्ष ठेवणे ही कामे आली.

याला एक जुना दाखला आहे. १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची भयानक साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुले ब्लेगडम रुग्णालयात येऊ लागली आणि लोखंडी फुप्फुसे मोजकीच होती. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी शस्त्रक्रियागृहातली युक्ती बाहेर आणली: गळ्याला छेद देऊन नळी बसवायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास द्यायचा. पिशवी दाबणार कोण? वैद्यकाचे आणि दंतवैद्यकाचे सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्यापाळ्यांनी रुग्णांच्या उशाशी बसले आणि त्यांनी मिळून सुमारे १ लाख ६५ हजार तास हाताने श्वास दिला. अशा रुग्णांतले मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आजचा अतिदक्षता विभाग तेथून जन्मला. त्या विद्यार्थ्यांना भूलशास्त्र येत नव्हते. पण त्यांना एकच काम दिले होते, ते नेमके शिकवले होते, आणि ते चुकते आहे का हे पाहणारा जाणकार त्याच इमारतीत होता. लॉरींच्या विद्यार्थ्यांशी ताडून पाहता फरक या शेवटच्या गोष्टीत आहे.

कोविडच्या आगेमागे दिल्लीत काही बदल झाले. वैद्यक परिषदेने पदविकेच्या जागा पदवीत बदलण्याची मुभा दिल्यानंतर जुनी दोन वर्षांची भूलपदविका आटत चालली होती. राष्ट्रीय परीक्षा मंडळाने २०२० मध्ये ती आपल्या छत्राखाली पुन्हा सुरू केली. त्याआधी २०१९ च्या अभ्यासक्रमाने एमबीबीएसच्या अंतिम टप्प्याच्या मध्यावर ऐच्छिक प्रशिक्षणाचा काळ ठेवला. ज्या विद्यार्थ्याला भूलशास्त्र खुणावते त्याला तेथे शस्त्रक्रियागृहात किंवा अतिदक्षता विभागात सलग दिवस काढता येतात. सुरुवातीला हा काळ दोन महिन्यांचा होता. पुढे तो कमी झाला. शस्त्रक्रियेच्या शेपटाला असलेले ते पंधरा दिवसही २०२१ पासून स्वतंत्र ओळीत आले आणि त्यांच्या नावात अतिदक्षतेची भर पडली. दिवस मात्र एकाने घटले.

त्याच २०१९ च्या अभ्यासक्रमात भूलशास्त्राच्या अपेक्षा ओळीने वाचत गेले की एक क्रियापद पुन्हा पुन्हा भेटते. संपूर्ण भूल: निरीक्षण करा आणि वर्णन करा. मज्जातंतूंचे अवरोध: निरीक्षण करा आणि वर्णन करा. जेथे ‘करून दाखवा’ म्हटले आहे त्यांत जीवरक्षणाची प्राथमिक क्रिया आहे, आणि ती पुतळ्यावर.